इन्स्पेक्टरकाकांनी तपासलेलं जोडपं

जगात एखादी वस्तू नुसतीच असू शकते, यावर आमच्या इन्स्पेक्टरकाकांचा उभ्या आयुष्यात विश्वास बसला नाही. इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. पिंपरीच्या एका कारखान्यात तयार झालेल्या सुट्या भागांची मापं तपासून पास-नापास ठरवण्याच्या खात्यात ते होते आणि मी त्याच कारखान्यात नकाशे गिरवणारा ट्रेसर. शिवाय चिंचवडला त्यांच्याच घराखालच्या खोलीत मी भाड्यानं राहत असे. त्यामुळे शिफ्टचे आठ तास त्यांनी लोखंड तपासलं की उरलेल्या वेळात तपासायला मी असे. माझ्या चपला दाराशी तिरक्या पडल्या असतील, तर "आज साहेबाशी वाजलेलं दिसतंय," असं ते जिन्यातूनच सांगत, आणि संताप असा की ते बहुधा खरंच निघे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर, म्हणजे केसाएवढाही फरक दाखवणारी ती पोलादी मोजपट्टी. पिंपरीच्या भाजीबाजारात एकदा त्यांनी एक वांगं दोन्ही बाजूंनी मोजलं आणि "हे गोल नाही, लंबगोल आहे," म्हणून परत केलं. भाजीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय काका, वांगं हाय ते. बेरिंग न्हाई." काकांनी ते मुकाट्यानं विकत घेतलं. घरी येऊन मात्र काकूंना म्हणाले, "बाई हुशार आहे. खात्यात घ्यायला हवी."

अशा माणसाच्या हाती ते चित्र पडलं. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरच्या टेबलावर एक सुंदर कॅलेंडर होतं. वर्ष संपलं, साहेब मायदेशी गेला आणि शिपायानं ते रद्दीत टाकण्याआधी काकांनी त्यातलं एक पान उचललं. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपीय चितार्‍यानं काढलेलं एक जोडपं. एका श्रीमंत खोलीत नवरा-बायको उभे आहेत. त्याच्या डोक्यावर घमेल्याएवढी काळी टोपी, तिच्या अंगावर हिरवाकंच पायघोळ झगा. मागे लाल पलंग, पायाशी एक झिपरं कुत्रं, खिडकीत संत्री, भिंतीवर एक गोल फुगीर आरसा. खाली काहीबाही छापलेलं होतं, पण ते परक्या भाषेत. म्हणजे नकाशा हातात आणि मापं गायब! काकांना याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पान काचेत मढवून बाहेरच्या खोलीत लावलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरी चहाला जाणार्‍या प्रत्येकाला आधी ते चित्र प्यावं लागे.

"भर दिवसा मेणबत्ती का जळतेय? आणि झुंबरात एकच का?" ते विचारत आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देत. "उजेडासाठी नाही! देवापुढच्या समईसारखी आहे ती. चपला बघ. दोघांनी काढून ठेवल्यात. जागा पवित्र आहे. आणि हे कुत्रं म्हणजे निष्ठा."

"त्याला भूक लागलीय," काकू आतून म्हणत. काकूंचा त्या चित्रावर राग नव्हता, पण घरात पाचशे वर्षं जुनी का होईना, दुसरी बाई येऊन उभी राहिली होती हे त्या विसरत नसत. त्या हिरव्या झग्यातल्या बाईला दिवस गेलेत, असं काकूंचं ठाम मत. काका म्हणत, "अगं, तो कापडाचा घोळ आहे! पुढे धरलाय हातानं. तू नऊवारीचा ओचा धरतेस तसा." त्यावर काकू म्हणत, "चार बाळंतपणं मी केली की तुम्ही?" हा वाद माझ्यासमोर किमान सहा वर्षं चालला. मग काकांनी पुण्याच्या एका ग्रंथालयात चित्रकलेवरचं जाडजूड पुस्तक गाठलं, डिक्शनरी घेऊन चार रविवार तिथे बसले आणि शेवटच्या रविवारी बसमधून उतरले ते नाचतच. मला वाटलं, उत्तर सापडलं. "छे रे!" ते आनंदानं ओरडले. "तिकडचे पंडितसुद्धा भांडताहेत! निम्मे माझ्या बाजूला आहेत, निम्मे हिच्या!"

पण त्यांचा सगळ्यात मोठा शोध त्याच्याही आधीचा. एका रविवारी सकाळी मी खोलीत स्टोव्ह पेटवत होतो. जिन्यावर धडधड झाली आणि काका दारात. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, एका हातात वस्तरा, दुसर्‍यात भिंग. "अरे, आरशात माणसं आहेत! दोघं! दारात उभी!" मी वर जाऊन भिंगातून पाहिलं. आधी नुसते छपाईचे ठिपके, मग हळूहळू खरंच दिसलं. त्या फुगीर आरशात जोडप्याच्या पाठी होत्या आणि त्यांच्यापलीकडे दारात दोन इवलीशी माणसं, एक निळं, एक तांबडं. आरशाच्या वर भिंतीवरच चितार्‍यानं वळणदार अक्षरात काही लिहिलेलं. "ही सही आहे," काका म्हणाले. "चित्र नाही रे हे. इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे! यांचं लग्न लागलं, मी हजर होतो, मी पाहिलं. सहीशिवाय आपला एक बोल्ट तरी गेटबाहेर जातो का? मग लग्न कसं जाईल?" गालावरचा फेस वाळून गेला तरी ते बोलतच होते.

तेव्हा मी हसलो होतो. पण वर्षा-दोन वर्षांनी हसू पळालं. आमच्याच ऑफिसात टायपिस्ट असलेल्या सुलभाशी माझं लग्न ठरलं होतं. म्हणजे आमचं दोघांचंच ठरलं होतं. मी दापोडीच्या रेल्वेलगतच्या वस्तीतला, बौद्ध घरातला. ती चिंचवड गावठाणातल्या जुन्या मराठा घरातली. तिच्या घरी रणकंदन झालं, माझ्या वडिलांनीही "आगीत हात घालू नकोस" म्हणून बजावलं. आम्ही नोंदणी कचेरीत महिन्याभराची नोटीस दिली. कायद्यानं तीन साक्षीदार लागत. मी तीन मित्र ठरवले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी तिघांनाही एकाएकी ओव्हरटाइम लागला. सुलभाच्या भावानं एकेकाला गाठून दम भरला होता, हे मला नंतर कळलं.

मी जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो. काकांना माझ्या चपलांकडे बघायचीही गरज पडली नाही. सगळं ऐकल्यावर त्यांच्या चेहर्‍यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं, काळजी नव्हती. तो निव्वळ उत्साह होता. "साक्षीदार?" ते म्हणाले. "तीन? चित्रात दोन पुरलेत. पण सरकारला चित्रकलेतलं काय कळतंय! मी एक. अगं ए, ऐकलंस का? तू दोन. आणि तिसरे आपले सायकलवाले चाचा." कोपर्‍यावर पंक्चर काढणारे चाचा काकांच्या घरी चहा प्यायला येत, म्हणजे सगळं चित्र त्यांना तोंडपाठ होतं. विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "चलेंगे ना. आईनेवाले दोनों हम ही समझो."

बावीस वर्षांच्या नोकरीत काकांनी मागितलेली ती पहिली रजा. आम्ही लोकलनं पुण्याला गेलो. काकूंनी जरीचं नेसलं होतं आणि सुलभाच्या केसांत स्वतःच्या हातानं अबोलीचा गजरा माळला होता. कचेरीच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं. दाराशी सुलभाचा भाऊ उभा होता. एकटाच, पण दोघांच्या मापाचा.

"तुमी कोण?" त्यानं काकांची वाट अडवली. "आमच्या पोरीचं कोण लागता?"

"कोणीच नाही," काका म्हणाले. "म्हणून तर साक्षीदार झालोय. घरच्यांनीच पास केलेला माल मी आजवर कधी पास धरला नाही."

भावाला हे कळायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात काकांनी पिशवीतून ती काचेची चौकट काढली. हो, ते चित्र त्यांनी बरोबर आणलं होतं! "हे बघा, राव," म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला बाकावर बसवून सुरू केलं. मेणबत्ती, चपला, कुत्रं, संत्री. आमचा नंबर यायला पाऊण तास लागला. पाऊण तास तो आडदांड माणूस काकांचं भिंग डोळ्याला लावून बसला होता. आधी तो उठायला बघत होता, मग चिडला, आणि कुत्र्यापाशी कुठेतरी अडकला. आमची नावं पुकारली तेव्हा मी त्याचा आवाज ऐकला. "पर ही दारातली दोघं कोण म्हनायची?"

"तेच तर कुणाला ठाऊक नाही," काका उठत म्हणाले. "पण ती आली होती, एवढं पाचशे वर्षं राहिलं. तुम्ही यायचं का नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

आम्ही सह्या केल्या. चाचांनी उर्दूत केली, काकूंनी जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं. काका सहीला वाकले आणि पेन हवेतच राहिलं. दारात सुलभाचा भाऊ उभा होता. आत आला नाही. सुलभानं वळून पाहिलं तशी त्यानं मान खाली घातली आणि सगळं आटोपेपर्यंत तो तिथून हलला नाही. काकांनी सही केली ती इतकी मोठी, की कारकून म्हणाला, "अहो, पुढच्या लग्नाला जागा ठेवा."

पुढे आम्ही दापोडीला बिर्‍हाड केलं. भावाला आमच्या घराची पायरी चढायला मुलगी होईपर्यंत तीन वर्षं लागली. काका निवृत्त झाले आणि व्हर्निअरच्या बारीक रेघांवर आयुष्य काढलेले त्यांचे डोळे पाहता पाहता गेले. एकाचं ऑपरेशन फसलं, दुसर्‍यात नुसता उजेड-अंधार उरला. ते वयाच्या ऐंशीच्या आसपास असताना एका दुपारी आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. ते चित्रासमोरच खुर्ची टाकून बसले होते. सुलभाला म्हणाले, "तू कधी सांगितलं नाहीस. तुला काय दिसतं यात?"

तिनं जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. "मला ते मेणबत्ती वगैरे कळत नाही, काका. पण त्यानं तिचा हात धरलेला नाहीये. तिनं तो त्याच्या तळव्यावर नुसता ठेवलाय. काढून घ्यायचा म्हटला तर निघेल, असा. आणि तिनं काढलेला नाही."

काकांनी चित्राच्या दिशेनं मान वळवली. "मी आरसाच मोजत बसलो," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप काकांच्या हातात दिला, त्यांचं एकेक बोट कपाच्या कानाभोवती नीट बसवलं, सांडणार नाही ना ते पाहिलं आणि त्या आमच्यासाठी पोहे करायला आत गेल्या. काका तो कप तसाच धरून बसले होते. चहा पार निवून गेला, तरी त्यांनी तो ओठाला लावला नव्हता.