खेळात मेलेल्यांचं पान

खेळात मेलेल्या माणसांचं सुतक पाळणारी बाई अख्ख्या नाशकात एकच झाली, ती म्हणजे आमची आत्या. मखमलाबादच्या रस्त्याला तिचा झेंडूचा मळा, शेजारी आमचं घर. नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळ एका गाळ्यात व्हिडिओ गेमची मशिनं आली आणि तिचा एकुलता एक योगेश फुलं बाजारात टाकून परस्पर तिकडे जाऊ लागला. पोरं बिघडणार, उद्या खरा सुरा हातात घेणार, असं वस्तीतले सगळे मोठे म्हणत. शेजारचे मास्तर तर गाळ्याला टाळं ठोकायला निघाले होते. आत्याला पोरं बिघडण्याची भीती कधी वाटली नाही. तिला काळजी होती ती पडद्यावर आडव्या झालेल्यांची. योगेश दारात आला की आज कुणाला मारलं का, हे आधी विचारायची. मारलं असेल तर मोरीत आंघोळ, मगच स्वयंपाकघरात पाऊल. थंडीत तो बिचारा नुसती मोटार चालवली म्हणून थाप मारायचा, तर ही मोटारीखाली कोण आलं त्याची चौकशी करायची. ती माणसं खोटी असतात, असं माझ्या वडिलांनी एकदा तिला समजावून पाहिलं.

"खोटा आसला तरी कुणाचा तरी आसंलच ना, दादा," ती म्हणाली. "त्याची आई वाट बघत आसंल."

सर्वपित्रीला घरच्या पितरांबरोबर या बेवारशांसाठी ती एक पान वेगळं वाढायची, अगदी खीर-वड्यांसकट. एका वर्षी घरच्या पानाला कावळा झटकन शिवला, या पानाकडे मात्र ढुंकून पाहीना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. आम्ही सगळे उपाशी ताटकळलो. शेवटी आत्यानं योगेशला हात जोडून उभं केलं आणि दिवाळीपर्यंत कुणाला मारणार नाही, असं कबूल करून घेतलं. तेव्हा कुठे कावळा उतरला आणि थेट वड्यावर तुटून पडला. योगेशनं तो शब्द पाळला, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे घरोघर कॉम्प्युटर आले आणि वारं फिरलं. टाळं ठोकायला निघालेले मास्तर आल्यागेल्याला नातवाचा नेम कौतुकानं दाखवू लागले. योगेश बंगळूरला असलेच खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. आत्यानंच वाटले, पण तेव्हापासून मळ्यात तिचं मन रमेना. लेक दिवाळीला चार दिवस यायचा आणि तेही लॅपटॉपात डोकं घालून काढायचा. त्यानं आपल्याजवळ बसावं एवढंच तिला हवं होतं, पण तसं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

एका दिवाळीत त्याच्या निघायच्या दिवशी तिनं पाट ओढून त्याच्या शेजारी ठाण मांडलं आणि मलाही शिकव म्हणाली. योगेशनं हसत हसत दोघांनी मिळून खेळायचा खेळ लावला. मी पलंगावर बसून बघत होते. तिचा माणूस बंदूक घेऊन नुसता उभा, समोरून शत्रू चालून येतायत, आणि ही त्यांना वाट करून देतेय. बसची वेळ होत आली होती.

"आई, झाड ना गोळी. नायतर आपण मरू."

"मरू दे की," आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मेलं की पुन्हा पहिल्यापासून खेळावं लागतं ना?"

मला तिची फार माया आली. योगेशनं दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.