सुतकातला भाऊबंद

ती पाटल्यांची केस आठवली की आजही आधी डोके तापते आणि मग हसू येते.

मी तेव्हा लीड्समध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. बाजारात चादरी विकता विकता पोलिसात शिरलेला माणूस. कोठडीत कोणी भारतीय आला की साहेबांना माझी आठवण व्हायची, बढतीच्या वेळी मात्र हमखास विसर पडायचा.

आमच्या भागातले एक निवृत्त मराठी डॉक्टर ऐन गणपतीच्या तोंडावर वारले. मूलबाळ नव्हते, घरात त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू, एकट्या. दुसऱ्याच दिवशी लंडनजवळच्या इल्फर्डहून त्याच आडनावाचे एक गृहस्थ आले. डॉक्टरांचा भाऊबंद आहे असे सांगून त्यांनी घराचा कारभारच हातात घेतला. आठवडा उलटायच्या आत काकूंच्या सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून नाहीशा झाल्या. गृहस्थांनी बोट दाखवले शेजारच्या मराठी मुलीकडे. ती इथेच जन्मलेली, मोडके मराठी बोलणारी, हॉस्पिटलमध्ये नर्स. काकूंच्या सोबतीला यायची, म्हणून किल्ली तिच्याकडे असायची. तिला अटक झाली. चोरीचा आरोप दाखल झाला असता तर तिची नर्सिंगची नोकरी संपलीच होती.

मग मराठी मंडळातल्या एका बाईंचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हत्या.

"अहो, ते स्वतःला भाऊबंद म्हणवतात ना, ते आमच्या गणपतीला सर्वांत पुढे उभे राहून आरती करत होते. व्हिडिओ पाठवते, तुम्हीच बघा."

मी थेट इन्स्पेक्टरांकडे गेलो. त्यांच्या कागदात त्या गृहस्थांच्या नावापुढे नुसते 'भाऊ' लिहिलेले. प्रार्थनेला गेला तर बिघडले कुठे, असे ते म्हणाले. मी टेबलावर हात आपटला. भाऊबंद म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, एका मूळपुरुषाच्या कुळातली माणसे, हे त्यांना समजावले. आपण हा शब्द बहुतेक जमिनीच्या भांडणातच वापरतो, पण त्याची खरी खूण मृत्यूच्या वेळी दिसते. एक गेला की बाकीच्यांना दहा दिवस सुतक येते. त्या दिवसांत देवाला शिवायचे नाही, आरती तर लांबच.

तरी ते ऐकेनात. शेवटी सौदा केला. मुलीवर आरोप ठेवण्याआधी मला त्या गृहस्थांशी एकदा बोलू द्या. काही निघाले नाही तर नाताळापर्यंत तुमच्या रविवारच्या ड्युट्या मी करीन, निघाले तर माझ्या तुम्ही करायच्या. ते हसले आणि हो म्हणाले.

गृहस्थांना साक्षीदार म्हणून बोलावले. रेकॉर्डिंग सुरू केले. ते डॉक्टरांचे नेमके कोण, असे मी विचारले.

"भाऊबंद. आमचे पणजोबा सख्खे भाऊ."

मी चहा पुढे केला. यंदाचे गणपती सुतकात गेले, वाईट वाटले असेल, असे सहज म्हणालो.

"काय करणार साहेब? दहा दिवस देवाला हात लावला नाही."

आपण सुतक पाळत नाही, एवढे ते म्हणाले असते तर माझ्या हाती काही उरले नसते. पण खोटा माल विकणारा मालातला दोष कधी कबूल करत नाही, हे मी बाजारात शिकलो होतो. मी व्हिडिओ लावला. कपाळाला गंध, हातात ताम्हन, आवाज सगळ्यांच्या वर.

"ते... सवयीनं गेलो."

"भाऊबंद असा सवयीनं जात नाही. तुम्ही कोण?" माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या शिपायाने दार उघडून पाहिले.

गृहस्थ उठून दाराकडे निघाले. मी त्यांना हक्क वाचून दाखवले, अटक केली आणि इन्स्पेक्टरांच्या सहीने इल्फर्डच्या खोलीची झडती घेतली. पाटल्या तूरडाळीच्या डब्यात होत्या. नाते काहीच नव्हते. आडनाव जुळले म्हणून ते आले होते.

शाबासकी वरच्यांना मिळाली. माझे नाव कुठेच नव्हते, ते मी विसरलेलो नाही. पण नाताळापर्यंत रविवारी ठाण्यात इन्स्पेक्टर बसले आणि मी घरी जेवलो.

मुलीला सोडताना मी विचारले, "गणपती बसले त्या दिवशी तू काकूंकडेच होतीस म्हणे, घरच्या गणपतीला का नव्हतीस?"

"काकू एकट्या होत्या ना. माझा आई म्हणाली, you go, तू तिकडेच बस. म्हणून मी पण साधंच जेवले, त्यांच्यासारखं."

बाहेर काकू उभ्या होत्या. त्यांनी पाटल्यांकडे पाहिलेही नाही, आधी तिचा हात धरला.

तेव्हापासून चौकशीत कोणी नाते सांगू लागले की मी शब्द ऐकून घेतो आणि एवढेच विचारतो, त्या दहा दिवसांत तुम्ही कुठे होतात?