डाव्या बाजूचा पत्रा

पत्रा बसला नाही, तेव्हा मिस्त्रींना बरं वाटलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, स्वतःशीही लगेच कबूल केलं नाही. पण डोक्यावरचा बोजा कुणीतरी उतरवून घ्यावा तसा त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि जवळच्या उलट्या डब्यावर बसकण मारली.

गाडी जुनी होती, बाकदार पाठीची, मालकापेक्षाही वयाने मोठी. तिच्या मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती. असला पत्रा आता विकत मिळत नाही. म्हणून मिस्त्रींनी उजव्या, धड असलेल्या बाजूला पुठ्ठा लावून फर्मा काढला, तो उलटा करून नवा पत्रा कापला आणि ठोकून ठोकून त्याला गोलाई आणली. गंजलेला भाग कापून टाकला, नवा पत्रा शिकंज्यांत धरला, वेल्डिंगचे चार-दोन कच्चे टाके मारले आणि दार लावून पाहिलं. दार पत्र्यावर घासत होतं. टाके तोडून पत्रा मागे सरकवला, तर दार मोकळं झालं, पण डिकीचं झाकण बसेना.

त्यांचा साडू त्याच शेडमध्ये गाड्या रंगवायचा. तो हात पुसत आला.

"राहू द्या की साडूभाऊ, दार थोडं उघडं. गाडीला वारा लागेल."

मिस्त्री हसले नाहीत.

वर्षानुवर्षं वाकून त्यांची मान आखडली होती. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, सकाळी शर्ट घालायला बायको लागायची. तिने "आता सोडा" म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं, "माझ्या हातचा पत्रा ज्या दिवशी बसणार नाही, त्या दिवशी मशीन बंद." पहिल्यांदा हे म्हणाले तेव्हा अंगात रग होती. पुढे रग गेली, वाक्य राहिलं. आणि तो दिवस काही उजाडेना. पत्रे मेले बसतच गेले.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "आज पत्रा बसला नाही."

बायको चादरींच्या घड्या घालत होती. "नक्की?"

"दोनदा बघितलं."

तिने चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत लेकीला फोनही लावला. "बाबा सुटले गं," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. मग लेकीकडे कधी जायचं, किती दिवस राहायचं, तिथली गादी यांच्या पाठीला चालेल का, असं बोलत राहिली. मिस्त्री हो हो म्हणत ऐकत होते. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये पोचले तेव्हा साडू गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. हातात सुतळी.

"तुम्ही नाही चुकलात. ही बयाच तिरकी आहे."

दारापासून डिकीपर्यंतचं अंतर त्याने दोन्ही बाजूंनी मापलं होतं. डावीकडे ते बोटभर कमी भरत होतं. दोन्ही बाजू ताडून बघायचं मिस्त्रींच्या मनातच आलं नव्हतं. किंवा आलं असेल, तर त्यांनी ते टिकू दिलं नव्हतं.

"कुठेतरी धडकली असेल," ते म्हणाले. आवाजात थोडी आशा होती.

"तेही बघितलं." साडूने दाराच्या खांबाची आतली बाजू खरवडली होती. रंगाच्या थरांखाली कारखान्याचा पहिला हात तसाच होता, कुठे तडा नाही की जोड नाही. "जन्मतःच अशी आहे. तेव्हा हातानं जोडायचे. जोडणारा उपाशी असेल त्या दिवशी."

परीक्षेत पोरगं पास झाल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. मिस्त्री नुसते उभे राहिले. मग दुसरं काही सुचेना म्हणून पुठ्ठा घेऊन डाव्याच बाजूला बसले. नव्याने फर्मा, नव्याने कापणं, नव्याने ठोकणं. हात आपोआप चालत होते, मन कुठेच नव्हतं. पुन्हा कच्चे टाके मारले. दार एका आवाजात लागलं. डिकीही लागली.

"बसला," त्यांनी घरी सांगितलं.

बायकोने विचारलं, "तो कसा?"

"गाडीच तिरकी होती. माझी चूक नव्हती."

"मग आता?"

"मग काय. कारण राहिलं नाही."

तिने त्यांच्या दुखऱ्या हातातून शर्टाची बाही अलगद काढली. "दमलात, हे कारण चालत नाही होय? की त्यालाही फर्मा लागतो?"

"दमलो असं कधी म्हटलं मी?"

"कुठे म्हणताय? तेच तर."

 

आता शेडमध्ये पक्क्या वेल्डिंगचं काम उरलं होतं. ते घाईचं नसतं. एक टाका दाराकडे, दुसरा एकदम डिकीकडे, मग पत्रा निवेपर्यंत वाट बघायची. सलग मारत गेलं की पत्रा तापून पोट काढतो. अशाच एका थांब्यात साडूचा फोन वाजला. कुणाच्या तरी जुन्या गाडीचा तळ कुजला होता. साडूने फोनवर तळवा ठेवला.

"घ्यायची ना?"

"नाही."

"का? हा तर झक्क बसला."

"बसला. नाही म्हणून सांग."

"मग काय सांगू? हातात खूप कामं आहेत म्हणू?"

"मी दमलोय म्हणून सांग."

"असं कुणी सांगतं का? मानेचं सांगतो. डॉक्टरांनी मनाई केली म्हणतो."

"डॉक्टर नको मधे. दमलोय, एवढंच सांग."

साडूने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ वळवून, कुणाच्या आजारपणाची बातमी द्यावी तशा आवाजात तो फोनवर बोलू लागला.

मिस्त्रींनी पत्र्याला हात लावून पाहिला. निवला होता. त्यांनी मास्क खाली ओढला आणि दाराच्या बाजूला पुढचा टाका मारला.