भाताचं टोक कुणाला?

आमच्या गल्लीत बातम्या फिरवायचं खातं माझ्याकडे आहे. पण प्राकोसो साहेब झाल्याची बातमी त्याच्या आईनं, बू सुमिरांनी, मला डावलून परस्पर फिरवली. वर जेवणाला तुम्पंगही मागवला, पिवळ्या भाताचा हा एवढा डोंगर!

प्राकोसो मूळचा प्रोग्रामर. योग्याकार्तातल्या त्याच्या कंपनीनं त्याला काही महिने टीमचा प्रमुख करून पाहिलं. कायमचं साहेब व्हायचं की प्रोग्रामिंगकडे परतायचं, ते त्यानंच ठरवायचं होतं.

पूर्वी ओसरीवर काम करताना तो शीळ घालायचा आणि पिंजऱ्यातला होला त्याला साथ द्यायचा. प्रमुख झाल्यापासून फोनवर नुसतं "माफ करा, माफ करा." कुणाची रजा, कुणाचा रुसवा. होलाही मुका झाला. मी एकदा म्हटलं, "काय रे प्राकोसो, साहेब झालास की सगळ्या गावाचा देणेकरी?" पठ्ठ्या हसलासुद्धा नाही.

जेवणाच्या दिवशी दुआ आटोपली. तुम्पंगचं टोक कापून पहिला मान मोठ्या माणसाला द्यायचा असतो. बू सुमिरा ताटली पुढे धरूनच बसल्या होत्या. प्राकोसोनं टोक कापलं आणि सरळ ऑफिसातल्या एन्दाहबाईंसमोर नेलं.

"घ्या. उद्यापासून टीमच्या प्रमुख तुम्ही."

चटईवर सगळे गप्प. मीसुद्धा गप्प, म्हणजे बघा!

"आणि तू?" बूंचा आवाज चिरकला.

"मी प्रोग्रामर, आई. हुद्दा वाढलाय, पण हाताखाली कुणी नाही. सकाळीच सांगून आलो, वरचे हो म्हणाले."

"अरे, सगळ्या गल्लीला सांगून बसले मी!"

"घाबरू नका, बू," मी म्हटलं, "तुमच्यावर कुणी विश्वास ठेवलाच नव्हता."

एन्दाहबाईंना ठसका लागला. "निम्मी भांडणं मीच मिटवत होते," त्या म्हणाल्या. "हा बिचारा दोन्ही बाजूंची माफी मागायचा."

बू मुलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. झोपेतसुद्धा माफी मागायचास रे. मला वाटायचं, काही लफडं करून बसलास की काय!"

रिकामी ताटली त्यांनी त्याच्याच हातात दिली आणि डोंगराच्या कडेचा भात वाढला. महिनोन् महिने चिमणीसारखं टिपणारा प्राकोसो त्या दिवशी तीनदा वाढून घेऊन जेवला. कोंबडीची मी नजर ठेवलेली तंगडीसुद्धा त्यानंच उचलली. मी आपलं पंखावर भागवलं.