चंद्रभागा आत्याचा राघू

बस खाली, सूनबाई. अशी उंबऱ्यावर उभी राहून मागू नको. राघूचा अडकित्ता पायजे ना पोराच्या हळदीला? माझी ना नव्हती. कुलपाची किल्ली काढायला हात बी घातला व्हता मी कमरेला. पन तू तेवढ्यावर थांबली न्हाईस. पदराशी चाळा करत म्हणलीस, "मामी, अक्षता पडेस्तोवर तुमी तेवढं आतल्या खोलीत बसा. लोक बोलतेत." लोक बोलतेत व्हय? लोकांच्या तोंडाला कधी कुलूप व्हतं? तुझा सासरा गेला, त्येला मी खाल्लं काय? बस. तो राघू कुणाचा हाय ते ऐक, मंग माग.

माझी आत्या, चंद्रभागाबाई. माझ्या बापाची, भालकीकडच्या मेहकरच्या अंकुशरावाची, धाकटी बहीण. निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. लगीन होऊन वरीस व्हतंय न व्हतंय, तिचा नवरा गाठीच्या रोगानं गेला. सासरच्यांनी डोळे पुसायच्या आत तिला गाडीत घातलं आन भावाच्या दारात आणून सोडलं. अंगावरचं काढून घेतलं, लुगडी काढून घेतली. मुडदे! तिनं नवऱ्याच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता तेवढा ओच्यात दडवून आणला. पितळंचा राघू, पोटाखाली लोखंडाचं पातं. लग्नात त्येच्या हातात व्हता तो हाच. आपल्यात हळद लागली की नवरदेवाच्या, नवरीच्या हातात लोखंड पायजे, न्हाई तर वारं लागतं म्हणतेत. त्येच्या हातात व्हतं की लोखंड. वाचला का तो? पन हे इचारायचं न्हाई कुणी.

त्या एका राघूपायी तिला अडकित्त्यांचा नाद लागला. पैशाला हात लावायचा तिला हक्क न्हवता, मंग ती वाकळी शिवायची आन वाकळंच्या बदल्यात जुना अडकित्ता घ्यायची. भालकीच्या बाजारात मोडवाल्याच्या पोत्यात, कासाराच्या तराजूखाली, जिथं म्हणून जुनं पितळ वितळायला निघालंय तिथं ही हजर. घोड्याचा, मोराचा, नवराबायकोच्या जोडीचा, साधा दांड्यांचा. दुपारची कामं उरकली की कोठीच्या खोलीत गोणपाट अंथरायची आन सगळे मांडून बसायची. मी मांडीला मांडी लावून बाजूला. ती एकेक उचलायची, अंगठ्यानं चाचपायची. "ह्यो बघ राजू, ह्येची दांडी उलट्या बाजूनं झिजलीय. डावखुऱ्याचा व्हता." "ह्येच्या सांध्यात चुना बसलाय, पान खाणाऱ्याच्या घरचा. आन ह्यो कोरडा. ह्येनं नुसती देवाची सुपारी कातरलीय." कुणाच्या घरात ह्येनं किती गप्पा ऐकल्या असतील, असं म्हणून हसायची. त्या येळंला तिचं तोंड बघायला पायजे व्हतं. कुंकू न्हवतं कपाळावर, पन दिवाळी व्हती.

एक गोष्ट मात्र ती कधी करायची न्हाई. जुन्या पितळंला चिंच लावायची न्हाई. "चिंचंनं घासलं की त्येचं वय जातंय," म्हणायची. "राघूच्या पंखावरची रेघ बघ, घासून घासून लोक गुळगुळीत करतेत. मंग त्यो राघू राहतो का? कवडी व्हतो." फक्त नवऱ्याचा राघू ती रोज घासायची, चिंच आन राख लावून, लखलखीत. मी इचारलं, कामून गं? तर म्हणाली, "त्यो जुना न्हाई. त्यो माझा हाय."

मैलारच्या जत्रेत खाजामियाँ नावाचा मोडवाला बसायचा. लई बेरकी. एकदा त्येनं हिरवट पडलेला अडकित्ता पुढं केला. "अम्मा, देखो, मेरे परदादा के जमाने का है, हौ!" आत्यानं घेतला, नाकाला लावला. म्हणाली, "परदादाच्या जमान्यातला असंल मियाँ, पन त्येनं आंब्याचं लोनचं कामून खाल्लंय?" लोनच्याच्या खारात बुडवून जुना केला व्हता मेल्यानं! खाजामियाँ पोट धरून हसला. "पकड लिये ना अम्मा!" म्हणाला आन पोत्याच्या तळातनं खरा माल काढला. त्यो दुसरा राघू. काळपट, मळका, पन पंखावर पीस न पीस कोरलेलं. आत्या भर जत्रेत खाली बसली त्येला घेऊन. सगळ्याच येळंला ती जिंकायची असं बी न्हाई. एकदा घोड्यात फसली. घरी येऊन बघती तर शेपूट दुसऱ्याच कशाचं डाग देऊन चिकटवलेलं. रागानं जेवली न्हाई त्या दिवशी. पन टाकला न्हाई तो घोडा. "लबाड हाय, पन आता आपला हाय," म्हणायची.

तो मळका राघू पाटलांनी आपल्या पोराच्या हळदीला नेला. त्येला पहिल्याच वरसाला जुळे पोरगे झाले. झालं! गावभर बोभाटा, चंद्रभागाबाईचा राघू शकुनाचा हाय. आता प्रत्येक लग्नाला बाया दारात. "चंद्रभागाबाई, राघू द्या." राघू जायचा मांडवात वाजतगाजत, आन जिचा राघू ती कोठीच्या खोलीत, दार लोटून. रंडकीचं तोंड नवरदेवाला दिसू नये म्हणून. अडकित्ता चालतो, बाई चालत न्हाई! खायला काळ आन भुईला भार झाली व्हती का ती? ती रडायची न्हाई. मीच चिडायची. ती म्हणायची, "जाऊ दे राजू. आपल्या श्रीपतीच्या लग्नात म्या मांडवात असंन. त्येच्या हातात राघू मी देणार, माझ्या हातानं."

श्रीपती म्हंजी माझा थोरला भाऊ. त्येच्या येळच्या बाळंतपणात माझी आई, कलाबाई, अंथरुणाला खिळली व्हती. श्रीपतीला शेळीचं दूध पाजून वाढवला आत्यानं. त्येची पहिली हाक बी "आत्ती". आता सांग, तिचा हक्क व्हता का न्हाई?

श्रीपतीची हळद आली. आत्यानं धुतलेलं लुगडं नेसायला काढून ठेवलं व्हतं. सकाळी ती जात्यावर, तवा माझी आई कोठीत गेली आन तिच्या पेटीतनं न इचारता राघू काढून घेऊन गेली. आई असली म्हणून काय झालं, खरं ते खरं. वर जात्यापाशी येऊन म्हणाली, "वन्सं, राघू नेलाय म्या. तुमी आतच बसा. पोराच्या जन्माचा प्रश्न हाय." आत्या जात्याचा खुंटा धरून तशीच बसली. श्रीपतीनं काय केलं? मान खाली घालून पाटावर बसला. दूध पाजून वाढवलेला!

मी आत्यापाशी कोठीत बसले. भाईर बाया हळद लावायल्यात, गाणी म्हणायल्यात. गाणी थांबली, तसं श्रीपती रिकामपणी अडकित्ता वाजवायला लागला. कट्-कट्. कट्-कट्. आत्यानं मान वर केली. "राजू," ती म्हणाली, "ह्यो मळका राघू न्हाई. ह्येचा खिळा सैल हाय, एका दाबात दोनदा वाजतो. ह्यो त्येंचा हाय."

आपल्याकडं लग्नाचं भांडं म्हंजी चिंचंनं घासलेलं. जे चमकतं ते शकुनाचं. आईनं पेटी उघडली, दोन राघू दिसले, आन चमकणारा उचलला. मेलेल्या माणसाचा अडकित्ता नवरदेवाच्या हातात! मी उठले सांगायला. आत्यानं मनगट धरलं माझं. "बस. सांगितलंस तर म्हणतील मीच मुद्दाम दिला." मंग ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली, कट्-कट्, कट्-कट्. तिचा नवरा मांडवात व्हता आन ती कोठीत.

श्रीपतीचं लई झ्याक झालं. नागम्मासारखी गुणाची बायको, लेकरंबाळं, खळ्यात जवारीच्या राशी. झालं, आता सगळ्यांना तोच चमकणारा राघू पायजे. सगळी भावकी त्येच्यावरच बोहल्यावर चढली. मळक्याला कुणी इचारीना.

मंग माझ्या मधल्या भावाचं, आप्पाचं लगीन निघालं. आई परत कोठीच्या दारात. "वन्सं, राघू द्या. आन तुमी आतच बसा." ह्या येळंला आत्या उठली. राघू मुठीत धरला आन म्हणाली, "न्हाई देत. मांडवात येऊन माझ्या हातानं देईन, न्हाई तर देत न्हाई." गलका झाला. बाप आला, श्रीपती आला. आप्पा हळद लावून पाटावर अडकलेला. बाप ओरडला, "चंद्रभागे, अभद्र बोलू नको, पोराचं वाटोळं करतीस का?"

आत्या हसली. "वाटोळं? दादा, ह्यो राघू कुणाचा हाय म्हाईत हाय? माझ्या नवऱ्याचा. त्येच्या लग्नात त्येच्या हातात व्हता. श्रीपतीची हळद ह्येच्यावर झाली. साऱ्या भावकीच्या हळदी ह्येच्यावर झाल्या. माझ्या नवऱ्याच्या लोखंडावर तुमचे संसार उभे हायत, आन मी अपशकुनी?"

नागम्मानं पोरगं छातीशी धरलं. आन माझी आई पुढं झाली, आत्याच्या हातातनं राघू हिसकला आन भिंतीवरनं पलीकडं उकिरड्यात भिरकावला. आप्पाच्या हातात गवत कापायचा विळा दिला.

आत्या मंग निघाली. उकिरड्याकडं जायला मांडवातनंच वाट व्हती. ती सरळ मांडवातनं गेली, पाहुण्यांच्या मधनं, आप्पाच्या पाटासमोरनं. शेणात हात घालून राघू काढला, पदरानं पुसला, आन त्याच वाटंनं परत आली. एकाची बी हिंमत झाली न्हाई तिला आडवायची. आप्पाचं लगीन विळ्यावर झालं. आन सांगू? त्येचं बी बरंच झालं.

पुढं बाप गेला. रझाकारांच्या धामधुमीत माझं लगीन काढलं, वाजंत्री न्हाई, काय न्हाई, दिवसाढवळ्या उरकायचं. आता घरचा कारभारी श्रीपती. हळदीच्या सकाळी आई नवं पातळ नेसून माझ्याकडं यायली, तर श्रीपतीनं तिला वाटंत आडवली. "आई, तू कोठीत बस आत्यापाशी. लोक बोलतेत."

त्येच्या सख्ख्या आईला!

मी हळदीच्या अंगानं उठले आन कोठीकडं गेले. दारातनं बघते तर आई भिंतीकडं तोंड करून बसलीय, आन आत्या तिच्यासाठी सुपारी कातरायलीय त्या राघूनं. कट्-कट्. आईनं बारीक आवाजात इचारलं, "वन्सं, मला बी आता हितंच बसायचं का?"

आत्या म्हणाली, "बसा वयनी. हितनं दिसत काय न्हाई, पन ऐकू सगळं येतंय."

आई हमसून हमसून रडायला लागली. मला तिची कीव आली न्हाई, सूनबाई, खोटं कामून बोलू. मला राग आला. आईचा आला, श्रीपतीचा आला, साऱ्या गावाचा आला. मी म्हणलं, "आत्या, राघू दे माझ्या हातात. आन दोघी बी चला मांडवात. त्याबिगर मी पाटावर बसत न्हाई." श्रीपती मागनं ओरडायला, मुहूर्त टळायलाय! मी म्हणलं, टळू दे.

आन उठायला तयार न्हाई कोण? आई! "न्हाई गं बाई, अपशकुन व्हईल, तुझ्या जन्माचा प्रश्न हाय." आत्यानं तिचं मनगट धरलं. "वयनी, शकुनाचा राघू चालला, मेलेल्याचा राघू चालला, तुमच्या हातचा विळा बी चालला. सगळ्यांचेच संसार झाले की. मंग तुमी आन मीच तेवढ्या कामून नडतो?" आन ओढत आणली तिला मांडवात. आत्यानं माझ्या हातात राघू दिला. सगळ्यांच्या देखत, तिच्या हातानं.

माझा संसार कसा झाला ते तुला म्हाईत हाय. तुझ्या सासऱ्याशी मी रोज भांडले आन रोज जेवले. आत्या जाताना ही पेटी माझ्या हवाली करून गेली. मळका राघू अजून तसाच हाय, चिंच न लावता. आन हा चमकणारा मी रोज घासते.

हं, ही घे किल्ली. पेटी उघड, राघू बघ, हातात धर, वाजवून बघ. दोनदा वाजतो का? वाजतो ना? मंग परवा हळदीला तो घेऊन मी येते. माझ्या नातवाच्या हातात मी देणार. आन लोक काय बोलले तर त्येंना सांग, आमच्याकडचा राघू एकटा येत न्हाई.