बसलेल्या माणसाचा वाटा

मी स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून येईल त्याला अडवणारा. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. अडवणाऱ्याचं नाव निघतं ते चूक झाल्यावरच. मला त्याचं कधी फार वाईट वाटलं नाही. आमच्या कोच सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बॉल बघू नको रे, बॉल फसवतो. माणूस बघ. त्याची कंबर बघ." तेव्हापासून मी माणसं बघायला शिकलो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोण आधी उठणार ते मला कळायचं. निदान माझा तसा समज होता.

नव्वदीची सुरुवात होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीची फुटबॉल टीम मुंबईच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळायची. आम्हा चार पोरांना कंपनीने वाशीत एक फ्लॅट दिला होता. महिन्याला स्टायपेंड, सकाळी प्रॅक्टिस, दुपारी स्टोअरमध्ये पोती मोजायची. तीन सीझन नीट खेळलं, की परमनंट. खेळ सुटला तरी नोकरी राहणार, पन्नाशीत पोट सुटलं तरी पगार येणार. किनाऱ्यावरच्या आमच्या गावी, मोऱ्याला, आमच्या घरात पगारदार माणूस आजवर झाला नव्हता. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. माझा तिसरा सीझन चालू होता आणि माझ्या परमनंट होण्यावर घरच्यांची सगळी आशा होती. आईने तर सोयरिकीची बोलणीही त्यावरच थांबवून ठेवली होती.

आणि माझा उजवा गुडघा गेला होता.

गेला म्हणजे एकदम नाही. मॅचनंतर सुजायचा, दोन दिवसांनी उतरायचा. मी वरून पट्टा बांधायचो आणि गप्प बसायचो. आमच्यात दुखणं लपवायची रीतच होती. गोलकीपरचं एक बोट वाकडं झालेलं, ते तो सरांसमोर मुठीत ठेवायचा. आमच्या लेफ्ट बॅकला चढ चढताना धाप लागायची, म्हणून खारघरच्या डोंगराखालच्या माळावर पळायला नेलं की आम्ही त्याला मध्ये घेऊन पळायचो. दुखणं दिसलं की माणूस गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परमनंट होण्याआधी मेडिकल असायची, पण सरांनी शिफारस केली की डॉक्टर फार खोलात जात नसे. तेवढे दोन महिने काढायचे होते.

फुटबॉलची लीग पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पुनवेपर्यंत कोळ्याला जाळी विणण्यापलीकडे काम नाही. त्यामुळे बाबा त्या दिवसांत मोकळे असायचे आणि आठवड्यातून एकदा एसटीने वाशीला यायचे, सुक्या बोंबलाची चटणी घेऊन. ग्राउंडच्या कडेला छत्री धरून उभे राहायचे. खेळातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण मी पडलो की छत्री खाली यायची.

त्या दिवशी प्रॅक्टिस संपली होती. मी शेडमध्ये बुटाच्या नाड्या सोडत होतो. बाबा सरांपाशी गेलेले मला दिसले. ते सरांशी कधी बोलत नसत, लांबूनच हात जोडायचे. म्हणून मी कान दिला.

"सायब, माज्या पोराचा गुडगा लय सुजतो. तो तुमाला सांगाचा नाय. जरा सांबालून खेलवा त्याला."

मी एका बुटावर तसाच धावलो. पोहोचेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. सर म्हणाले, "बरं केलं बाबा, सांगितलं ते. टेन्शन घेऊ नका." आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कमरेकडे बघायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे पाठवलं, आणि या वेळी डॉक्टर खोलात गेला. पुढच्या आठवड्यात कागद हातात आला. करार पुढे चालवता येत नाही, शुभेच्छा, खाली सही. सरांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. फ्लॅटची किल्ली त्याच संध्याकाळी परत दिली.

बॅग घेऊन मोऱ्याला उतरलो तेव्हा बाबा किनाऱ्यावर चौघांबरोबर जाळं विणत बसले होते. मला बघून उठले. मी सगळं सांगितलं, सगळ्यांदेखत, मुद्दाम मोठ्याने. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसवला तर बसवू दे. पाय बरा व्हल. तुजा वाटा तर देतील ना घरी?"

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "वाटा? ती काय तुजी बोट हाय? तुज्यामुलं गेला माजा सगला. तोंड उघराला कोनी सांगला व्हता तुला?"

चौघांनी माना खाली घातल्या. बाबा पुन्हा बसले आणि सुई जाळ्यात घालू लागले. सुई चुकत होती.

असं का विचारलं त्यांनी, हे मला कळायला हवं होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना दोराच्या पेचात बाबांचं मनगट सापडलं होतं. दोन-अडीच महिने ते ओटीवर बसून होते. तेवढे दिवस बोट किनाऱ्याला लागली की त्यांचा मासळीचा वाटा घरी यायचा, तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, स्वतः पाठवायचा. बोटीवर दुखणं लपवणं हा गुन्हा. दुखऱ्या हाताने दोर धरला, तर तो सुटून दुसऱ्याचा जीव जाईल. म्हणून सांगायचं, तांडेलाने बसवायचं, आणि बसलेल्या माणसाचाही वाटा काढायचा. बाबांनी सरांना तांडेल समजून सांगितलं होतं. ती मासळी खाऊनच मी मोठा झालो होतो, आणि त्या माणसाला मी किनाऱ्यावर चारचौघांत हसलो.

त्यानंतर मी बाबांशी धड बोललो नाही. घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. एकदा ते संध्याकाळी भिजून घरी आले, अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट. मी मान वळवून बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळलो. कुठे गेला होतास, एवढंही मी विचारलं नाही. पुढे वाशीच्या मार्केटमध्ये एका गाळ्यावर कामाला लागलो. शिमग्याच्या आधी बाबा बंदरावर बर्फाची पेटी उचलताना छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. मला निरोप मिळाला तेव्हा मी कांद्याच्या गोणी रचत होतो.

बाबांची जागा रिकामी झाली होती, तांडेल म्हणाला ये. मी गेलो. चौथ्याच फेरीत जाळं ओढताना गुडघा पार फिरला. मला हाताला धरून उतरवलं. तांडेल म्हणाला, "बस घरी. बरा व्हईस्तोवर येव नको." मनात म्हटलं, झालं, इथूनही गेलो.

तीन दिवसांनी सकाळी तांडेलाची बायको दारात आली. टोपलीत मांदेली, थोडी कोलंबी, दोन पापलेटं. "तुजा वाटा," ती म्हणाली.

"मी नव्हतो ना बोटीवर."

"गुडगा गेलाय ना तुजा? मंग?" एवढं बोलून ती गेली.

मी टोपली मांडीवर घेऊन बसून राहिलो. आई बाहेर आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि समोर बसली. म्हणाली, "तो गेलता तुजा वाटा मांगाला."

"कोन?"

"तुजा बाप. वाशीला, कंपनीत. दोनदा. गेटवरचा मानूस आत सोरीना. दुसऱ्या येलेला पावसात उबा ऱ्हायला दुपारपावतर. मना बोलला, पोराला सांगू नको, त्याला राग येल."

तो पांढरा शर्ट तेव्हा आईने घरातच दोरीवर टाकला होता, आणि त्या ओल्या हवेत तो चार दिवस वाळला नव्हता. मी रोज त्याच्याखालून वाकून मोरीकडे जायचो. माणूस बघायचे मला तीन वर्षं पैसे मिळाले, आणि माझा बाप माझ्यासमोरून भिजलेला आत गेला, तर मी भिंतीकडे तोंड केलं.

आई टोपली घेऊन मासळी साफ करायला बसली.