जहुरा सिस्टरांच्या हाताखाली

आगरदांड्याच्या जहुरा सिस्टरांचं अर्धं आयुष्य मस्कतच्या इस्पितळात गेलं. परत आल्यावर घरात बसवेना, म्हणून मुरूडजवळच्या एका लहान रुग्णालयात त्या बाळंतपणाच्या विभागात रुजू झाल्या. नर्सिंग शिकून नव्याने आलेल्या मुलींना तयार करायचं काम हळूहळू त्यांच्याकडेच आलं.

त्यांची एक सवय होती. काम करताना मनात चाललेलं त्या मोठ्याने बोलायच्या. "नाडी जलद आहे. का बरं? ताप तर नाही. घाबरलीय, की रक्त गेलंय?" शेजारी उभी असलेली मुलगी ऐकता ऐकता त्यांच्यासारखा विचार करायला लागायची.

उरणची अमिषा आली तेव्हा तिला पुस्तकातलं सगळं पाठ होतं. पण कुणी "सिस्टर" अशी हाक मारली की ती मागे वळून बघायची, खरी सिस्टर कुठे आहे ते.

एका दुपारी केसर नावाची बाई बाळंत झाली. मुलगी झाली, वारही पडली. डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले. अमिषा पांघरूण नीट करायला वाकली तर खालची चादर लाल होत चाललेली. केसरचे ओठ पांढरे पडले होते. अमिषा ओरडली.

"सिस्टर, रक्त!"

जहुरा सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारली आणि सलाइन सोडून त्यात इंजेक्शनही दिलं. त्या आपल्याला बाजूला सारतील असं अमिषाला वाटलं होतं. त्यांनी उलट तिचा हात धरून केसरच्या पोटावर, बेंबीपाशी दाबून ठेवला.

"काय लागतंय?"

"मऊ. भिजवलेल्या कणकेसारखं."

"ती गर्भाची पिशवी. सैल पडलीय म्हणून रक्त जातंय. चोळ, बेटा. जोर लाव. मी आहे."

अमिषा चोळत राहिली. आधी काहीच होईना. मग तळव्याखाली काहीतरी हललं, आक्रसलं. इतक्या थकलेल्या शरीरात कुठूनशी ताकद जागी झाली आणि पिशवी नारळासारखी टणक झाली.

"सिस्टर, घट्ट होतेय!" अमिषा म्हणाली.

रक्त ओसरलं. डॉक्टर धावत आले, त्यांनी तपासलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

जहुरा सिस्टरांनी आपलाही हात तिथे ठेवला. अशी किती बाळंतपणं त्यांनी केली असतील! तरी त्यांचे डोळे भरले होते.

"सुभानअल्ला," त्या हळूच म्हणाल्या. "दर वेळी वाटतं, हे आपण नाही करत. आपण फक्त पिशवीला तिच्या कामाची आठवण करून देतो."

केसरने डोळे उघडले. "पोरगी किती किलोची हाय?" तिने विचारलं.

"पावणेतीन," अमिषा म्हणाली. मग तिने रक्तदाब तपासला, चादर बदलली, बाळाला आईजवळ दिलं. पुढचं काय करायचं ते तिला कुणी सांगत नव्हतं. जहुरा सिस्टर दाराशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.